कोपऱ्यावरचा लेन

डेट्रॉइटमध्ये मिशिगन आणि ट्रम्बुल हे रस्ते जिथे मिळतात, त्या जागेला जुनी माणसं नुसतं ‘द कॉर्नर’ म्हणतात. तिथे नातवाच्या टीमची बेसबॉलची मॅच असली की मी थर्मासमधून चहा घेऊन जातो. पोरं मैदानात उतरली, की माझ्या डोळ्यांपुढे मात्र जुना फुटबॉलपटू डिक लेन येतो.

इथे पूर्वी टायगर स्टेडियम होतं. ते गाजलं बेसबॉलसाठी, पण १९७४पर्यंत डेट्रॉइट लायन्स संघाचा अमेरिकन फुटबॉलही इथेच चाले. अमेरिकेत आल्यावर तो खेळ मला कळेना. शाळेत कबड्डीत मी उजवा कोपरा सांभाळायचो, त्यामुळे नजर आपोआप कडेच्या गड्यावर जायची. त्याला म्हणतात कॉर्नरबॅक. ज्याच्याकडे चेंडू फेकला जाणार, त्या रिसीव्हरला तो राखतो आणि साधलं तर चेंडू वाटेतच झेलतो. ते इंटरसेप्शन.

या जागेवर लेन आला तोच अपघाताने. १९२८च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये जन्मला आणि तीन महिन्यांचा असताना कचऱ्याच्या पेटीत टाकला गेला. रडणं ऐकून एला लेन या विधवा बाईला आधी मांजरच वाटलं. तिने त्याला घरी नेलं, वाढवलं. पुढे नेब्रास्कात ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष फुटबॉल, मग चार वर्षं लष्कर, मग लॉस एंजेलिसला विमानाच्या कारखान्यात तेलाने बरबटलेले पत्रे उचलायचं काम. १९५२मध्ये एक दिवस कात्रणांची वही काखेत मारून तो थेट रॅम्स संघाच्या कचेरीत गेला आणि खेळायला घ्या म्हणाला. रॅम्स ज्यात खेळत, त्या व्यावसायिक लीगमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही काळा खेळाडू नव्हता. ते दार १९४६मध्ये याच रॅम्सने उघडलं होतं.

लेनला व्हायचं होतं रिसीव्हर. पण तिथे टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श हे मातब्बर आधीच ठाण मांडून होते. म्हणून त्याला बचावात, कडेला उभं केलं. फिअर्सकडे डावपेच समजून घ्यायला तो जाई, तेव्हा खोलीत बडी मॉरोची ‘नाइट ट्रेन’ ही तबकडी वाजत असे. तेच नाव त्याला चिकटलं.

पहिल्याच मोसमात १२ सामन्यांत त्याने १४ इंटरसेप्शन घेतले. आता मोसम १७ सामन्यांचा झाला, चेंडू पूर्वीपेक्षा किती तरी जास्त फेकला जातो, तरी तो १४चा आकडा कुणालाच ओलांडता आलेला नाही. त्याची हिकमत कोपरा खेळलेल्या माणसाला लगेच उमजते. तो रिसीव्हरला मुद्दाम थोडा मोकळा सोडी. फेकणाऱ्याला वाटे, गडी रिकामा आहे. चेंडू हातातून सुटला की हा झेपावलाच. चढाईवाल्याला आत येऊ द्यायचं आणि मग घोट्याला हात घालायचा, तसंच.

पाडण्याची तऱ्हा मात्र भयंकर. सहा फुटांहून उंच हा गडी धावत्या माणसाच्या मानेभोवती हात टाकून त्याला आडवा करी. त्याला ‘नाइट ट्रेन नेकटाय’ म्हणत. पुढे शिरस्त्राणाची मुखजाळी पकडणं आणि अशी मानेची पकड दोन्ही नियमाने बंद झाली.

शिकागो कार्डिनल्सकडून खेळून १९६०मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि १९६५पर्यंत याच मैदानावर खेळला. कारकिर्दीत ६८ इंटरसेप्शन. १९६३च्या उन्हाळ्यात गायिका डायना वॉशिंग्टनशी त्याचं लग्न झालं, डिसेंबरात ती गेली. १९७४मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्यानंतर बरीच वर्षं त्याने गावातल्या पोरांना खेळ शिकवणाऱ्या पोलिस अ‍ॅथलेटिक लीगचा कारभार पाहिला. २००२मध्ये तो ऑस्टिनलाच वारला.

स्टेडियम २००९पर्यंत पाडून झालं. २०१८मध्ये तिथे मुलांचं मैदान उघडलं. ते चालवते तीच पोलिस अ‍ॅथलेटिक लीग.

परवा मॅच संपल्यावर नातू गाडीत फुरंगटून बसला होता. त्याला चेंडू फेकायचा होता आणि उभं केलं होतं पार उजव्या कडेला. “आजोबा, तिकडे कुणी चेंडू मारतच नाही.”

मी गाडी सुरू न करता थर्मासमधला उरलेला चहा ओतला आणि म्हटलं, “बस जरा. कात्रणांची वही घेऊन आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.”