शहराबाहेरचा एक एकर आणि कलम ६३

१/ पुण्या-मुंबईजवळच्या गावात एकरभर जमीन घेऊन घर बांधावे, असे अनेकांना वाटते. व्यवहारात पहिला प्रश्न येतो : ‘शेतकरी दाखला आहे का?’ या प्रश्नाची मुळे दीडशे वर्षे जुनी आहेत. 🧵

२/ १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. सरकारने शेतसारा मात्र वाढवला. दख्खनचा शेतकरी कर्जात रुतला; न्यायालयीन हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या.

३/ १२ मे १८७५ : पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता, कारण जमीन कागदानेच जात होती.

४/ १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

५/ स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कुळकायदा आला. त्याच्या कलम ६३ नुसार परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही. याच कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ असंख्य कुळे मालक मानली गेली.

६/ मराठवाडा व विदर्भासाठी कुळकायदे स्वतंत्र आहेत. सूत्र एकच, जमीन कसणाऱ्याची. आज दारात सावकाराऐवजी फार्महाउसचा ग्राहक उभा असतो आणि कित्येकदा विकण्याची घाई शेतकऱ्यालाच असते. संरक्षणासाठी घातलेले हे कुंपण त्याला कधी अडसरही वाटते. कलम ६३ वरचा आजचा वाद इथूनच सुरू होतो.