रावेतमधील दुसरी सदनिका : भाडे, करार आणि हिशेब

पवनेच्या काठचे रावेत १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, तेव्हा शहराचे पाणी जेथून उचलले जाते तो बंधारा हीच या गावाची मुख्य ओळख होती. कात्रज-देहूरोड बाह्यवळण, औंध-रावेत रस्ता आणि २०१५ मध्ये सुरू झालेला सांगवी फाटा-किवळे बीआरटी मार्ग यांमुळे चित्र पालटले. एका बाजूला हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, दुसऱ्या बाजूला चाकण व तळेगावचे वाहन उद्योग आणि जवळच आकुर्डी-रावेतमधील अभियांत्रिकी महाविद्यालये, अशा ठिकाणी भाडेकरूंची वाण पडत नाही. साहजिकच राहते घर झाले, की दुसरी सदनिका येथे घ्यावी आणि तिच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता भागवावा, असा विचार अनेक नोकरदार करतात. हा विचार कागदावर मांडून पाहणे आवश्यक आहे.

समजा, साठ लाख रुपयांची तयार सदनिका घेतली. पिंपरी-चिंचवडमध्ये मेट्रो अधिभारासह मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये, आणि नोंदणी शुल्क ३० हजार. खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एकूण गुंतवणूक साडेचौसष्ट लाखांवर जाते. दरमहा २० हजार भाडे धरले आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती २ लाख २० हजार येतात. सोसायटीचा देखभाल खर्च, मिळकतकर, रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि दलाली यांपोटी सत्तर हजार वजा केले, तर दीड लाख उरतात. हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. उलट ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३९ हजार येतो. भाड्याने हप्ता भागत नाही, जेमतेम निम्मा भागतो. उरलेला निम्मा पगारातून द्यावा लागतो आणि तो किती वर्षे देता येईल, हा खरा प्रश्न आहे. जागेचे भाव वाढतील ही आशा असू शकते. तिला उत्पन्न म्हणता येणार नाही.

प्राप्तिकराच्या बाजूनेही पूर्वीइतका दिलासा राहिलेला नाही. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते. कर्जावरील व्याजही वजा होते. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे पावणेचार लाख होईल आणि हिशेब तोट्यात जाईल. जुन्या करप्रणालीत हा तोटा पगाराच्या उत्पन्नातून दोन लाखांपर्यंतच वजा करता येतो; नव्या प्रणालीत तोही करता येत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर घ्यायचे असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी व ताबा देण्याची तारीख तपासावी. अशा सदनिकेवर वस्तू व सेवा कर पाच टक्के (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास एक टक्का) लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच्या खरेदीवर तो लागत नाही. नदीलगतच्या प्रकल्पांबाबत निळ्या व लाल पूररेषेचा नकाशा पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. पाण्याची चौकशीही हवीच. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केल्यापासून टँकरचा खर्च अनेक सोसायट्यांच्या देखभाल शुल्कात शिरला आहे. बंधाऱ्याच्या गावात टँकर मोजावे लागावेत, हा विरोधाभासच म्हणायचा.

लहान घरमालकाची सर्वाधिक हेळसांड होते ती कराराबाबत. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही,’ हा समज आजही घट्ट आहे. नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला तशी सूट असल्याने तो रूढ झाला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. त्याहून गंभीर बाब अशी, की वाद निर्माण झाल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य मानले जाते. नोटरीच्या शिक्क्याने यातले काहीही टळत नाही.

हा धोका टाळण्याचा खर्च मात्र नगण्य आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क आहे. दरमहा २० हजार भाडे, साठ हजार अनामत आणि अकरा महिने मुदत असल्यास ते सहाशे रुपयांच्या आत-बाहेर येते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. आधारच्या साह्याने ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्यावी. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलिस आयुक्तालय २०१८ पासून कार्यरत आहे.

सोसायटीची भूमिका अनेकदा अकारण ताणली जाते. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज नसते. आठ दिवस आधी सूचना आणि कराराची प्रत दिली, की पुरे. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, असे राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. ‘फक्त कुटुंबालाच’ हा आग्रह मालकाने स्वतः धरण्यापूर्वी विचार करावा. या भागातील मागणीचा मोठा हिस्सा विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण यांचा आहे.

मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडत नसेल, तर नोंदणीकृत करार असलेल्या मालकाला दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. भाडे दरमहा वेळेवर येते म्हणून संपलेला करार तसाच चालू ठेवण्याची सवय त्यामुळे सोडावी. मुदतीच्या महिनाभर आधी भाडेकरूला विचारून नव्या कराराची नोंदणी उरकून घ्यावी.