स्थान, मार्ग आणि क्रम : नांदेड–लातूर परिसरातील यात्राक्रम व शिकोकूची परिक्रमा

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यापुढे दोन प्रश्न असतात. कोणती स्थळे पाहावयाची हा पहिला, आणि ती कोणत्या क्रमाने पाहावयाची हा दुसरा. पहिल्याची चर्चा यात्रावर्णनांत व माहात्म्यग्रंथांत भरपूर आढळते. दुसऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडेच गेले आहे. वास्तविक क्रम हा सोयीचाच केवळ विषय नाही. त्यामागे भूगोल असतो, श्रद्धा असते, आणि पुष्कळदा भाषाही असते. मराठवाड्याच्या पूर्व-दक्षिण टोकाचे नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. कारण मराठी मुलूख जेथे तेलुगू व कन्नड मुलखास भिडतो, त्याच पट्ट्यात ते वसलेले आहेत.

आरंभ महानुभाव पंथापासून करणे उचित होय. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला त्यात ‘अटन’ या शब्दाला विशेष स्थान आहे. अटन म्हणजे हेतूवाचून भ्रमण. एका गावी रमू नये, कोणाशी संबंध जडू देऊ नये, भिक्षा मागून झाडाच्या आश्रयाने राहावे, असा तो धर्म. त्यात मार्गाची आखणी नाही; किंबहुना आखणी नसणे हेच त्याचे मर्म आहे. असे असता याच पंथाने पुढे ‘स्थानपोथी’ निर्माण केली. परंपरेने मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेला हा चौदाव्या शतकातील ग्रंथ मराठीतील स्थलवर्णनाचा बहुधा सर्वांत काटेकोर नमुना ठरेल. चक्रधर कोठे बसले, कोठे जेवले, कोठे निजले, कोणत्या दारवठ्याच्या कोणत्या अंगास उभे राहिले, हे त्यात दिशांसह नोंदले आहे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या आवृत्तीमुळे तो आज सहज उपलब्ध आहे.

हेतूवाचून हिंडण्याचा उपदेश करणाऱ्या पंथाने इतके नेमके मार्गदर्शन का रचावे? याचे उत्तर चक्रधरांच्या प्रयाणानंतरच्या परिस्थितीत शोधावे लागते. ईश्वराचे सन्निधान संपले होते. उरली होती ती त्याच्या स्पर्शाने पावन झालेली स्थाने आणि वस्तू. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार साधने पंथाने मानली, त्यांत स्थान पहिले आहे. ज्या ओट्यावर स्वामी बसले तो ओटा चुकला, चार हात पलीकडच्या दगडास नमस्कार घडला, तर ते वंदन व्यर्थ ठरण्याचे भय साधकाच्या मनात असे. म्हणून वर्णनात कोन आले, दिशा आल्या, इमारतींची अंगे आली. आसन, वसती, आरोगणा, पहुड, विहरण, परिश्रय अशी क्रियावाचक नामे लावून स्थानांचे प्रकार पाडले गेले. शौचास गेल्याचे ठिकाणही नोंदण्यात या लेखकांना संकोच वाटला नाही, ही गोष्ट आधुनिक वाचकास चमत्कारिक वाटेल. पण ईश्वराच्या क्रियांत उच्चनीच मानावयाचे नाही असे ठरल्यावर तीही नोंद आपोआपच येते.

येथे ‘लीळाचरित्र’ व ‘स्थानपोथी’ यांतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. म्हाइंभटांचे लीळाचरित्र काळाच्या अंगाने चालते. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असा त्याचा ओघ आहे, आणि पैठणासारखे गाव त्यात पुनःपुन्हा येते, कारण स्वामी तेथे पुनःपुन्हा गेले. स्थानपोथीचा एकक मात्र गाव हा आहे. गावात शिरलेल्या यात्रिकाला स्वामींची पहिली भेट कोणती आणि पुढची कोणती हे जुळवीत बसावयाचे नसते. तेथील सर्व स्थाने एका फेरीत करावयाची असतात. चरित्राचा क्रम व पायांचा क्रम हे येथे वेगळे झाले. अष्टविनायकांच्या यात्रेतही हाच ताण दिसतो. शास्त्रोक्त क्रम मोरगावापासून निघून सिद्धटेक, पाली, महड असा जातो व शेवटी पुन्हा मोरगावास येतो. प्रत्यक्षात बहुसंख्य यात्रेकरू रस्ता सांगेल त्या क्रमाने जातात.

चक्रधरांच्या उपदेशात मार्गाविषयीचा एक निर्बंध मात्र स्पष्ट आहे. कन्नड देशी व तेलंग देशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, ही आज्ञा प्रसिद्ध आहे. स्वतः चक्रधरांनी आंध्र देशात काही काळ घालविल्याचे लीळाचरित्राचा एकांकच सांगतो. तेव्हा ही आज्ञा अनुभवातून आली असे म्हणता येईल, किंवा ईश्वराला जे चालते ते जीवाला चालत नाही असेही. पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यावरील पुढील भाष्य अधिक मोलाचे आहे. महाराष्ट्र म्हणजे कोणता देश, असा प्रश्न उपस्थित करून भाष्यकार त्याचे खंडमंडळांत विभाजन करतो. फलटणापासून दक्षिणेस जेथवर मराठी भाषा चालते ते एक. तेथून उत्तरेस बालाघाटाच्या शेवटापर्यंत दुसरे. गंगेची, म्हणजे गोदावरीची, दोन्ही तीरे तिसरे. त्यापुढे मेघंकर घाटापर्यंत चौथे. आणि मग वऱ्हाड. या मंडळांत बोलीचे किंचित भेद आहेत, तरी सर्व मिळून महाराष्ट्रच, असा त्याचा निष्कर्ष आहे. राजाची सत्ता किंवा नदीपर्वत यांवरून नव्हे, तर बोलीवरून देश ठरविण्याचा हा प्रयत्न इतक्या जुन्या काळी व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यात्रा व प्रदेशकल्पना यांचा संबंध विस्ताराने मांडला आहे, आणि या भाष्याचे महत्त्वही त्यांनी ओळखले आहे.

या विभाजनात आजचे दोन जिल्हे कोठे बसतात ते पाहावे. मांजरेच्या खोऱ्यातील लातूर हे बालाघाटाच्या पठारावर, म्हणून दुसऱ्या मंडळाच्या कडेस. नांदेड गोदेच्या तीरी, म्हणून तिसऱ्या मंडळात, आणि तेही त्याच्या पूर्व टोकास. देगलूर, बिलोली, किनवट येथून तेलुगू मुलूख हाकेच्या अंतरावर. उदगीर, निलंगा येथून कन्नड मुलूख तसाच. आज्ञा पाळणाऱ्या महानुभाव साधूच्या दृष्टीने ही परतीची रेघ होती. मात्र ज्या भूमीत एकाच बाजारात तीन भाषा कानी पडतात तेथे ‘जेथवर मराठी चालते’ ही खूण कशी लावावयाची, हा प्रश्न भाष्यकाराने सोडविलेला नाही. बोलीभूगोलाच्या आधुनिक अभ्यासकांनाही तो सुटलेला नाही.

याच सीमेवर माहूर आहे. रेणुका, अनसूया व दत्त यांची शिखरे एकमेकांच्या दृष्टीपथात असलेले हे क्षेत्र नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या काठच्या डोंगरांत वसले आहे. महानुभावांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे. फलटणचे चक्रपाणी तथा चांगदेव राऊळ येथे आले असता दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने त्यांच्या मस्तकी पंजा ठेविला, अशी पंथाची श्रद्धा आहे. आणि देवदेवेश्वराचे मंदिर हे दत्तात्रेयांचे निद्रास्थान मानले जाते. दत्ताच्या नित्यक्रमाची कल्पना सर्वपरिचित आहे : काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा, माहुरास शयन; महानुभाव परंपरेत त्यात गोदातीरीच्या पांचाळेश्वरी भोजनाची भर पडते. मनुष्यास ज्याला महिनेच्या महिने लागावेत तो मार्ग देव एका दिवसात आक्रमितो. स्थळे एकमेकांपासून कितीही दूर असोत, दिनचर्येच्या सूत्राने ती एकत्र बांधली जातात. एक शयनाचे, एक भिक्षेचे, एक स्नानाचे. मार्ग निवडण्याची ही तिसरी रीत होय. चरित्राचा क्रम नव्हे, रस्त्याचाही नव्हे, तर देहधर्माचा क्रम.

आता जपानकडे वळावे. शिकोकू बेटावरील अठ्ठ्याऐंशी मंदिरांची परिक्रमा कूकाई (७७४–८३५) या बौद्ध आचार्यांच्या स्मरणाने चालते. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. पायी चालणाऱ्यास चाळीस ते पन्नास दिवस लागतात. मंदिरांना एक ते अठ्ठ्याऐंशी असे क्रमांक आहेत, आणि हे क्रमांक अनादि आहेत असा यात्रिकाचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. १६५३ मध्ये चोझेन नावाच्या भिक्षूने या यात्रेची दैनंदिनी लिहिली. परंतु क्रमांकांचा प्रचार झाला तो १६८७ मध्ये शिन्नेन याने छापून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेमुळे. शिन्नेनने वाटेवर दिशादर्शक दगडही उभारले. पहिला क्रमांक र्‍योझेंजी या मंदिरास मिळाला, कारण ओसाकाच्या बाजूने नावेतून येणाऱ्या यात्रिकास ते जवळ पडे. कूकाईंचा जन्म जेथे झाला ते झेंत्सूजी पंच्याहत्तरावे आहे. म्हणजे ज्याच्या स्मरणार्थ यात्रा, त्याच्या चरित्राशी क्रमाचा संबंध नाही; बंदराशी आहे.

शिकोकूच्या यात्रेतील शब्दसंपत्ती भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेते. मंदिराला जाण्यासाठी तेथे ‘उत्सू’ हे क्रियापद वापरतात. त्याचा मूळ अर्थ ठोकणे, मारणे. पूर्वी यात्रेकरू आपल्या नावाची लाकडी पाटी मंदिरावर खिळ्याने ठोकीत, त्यावरून तो रूढ झाला. पाट्या गेल्या, कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, तरी क्रियापद टिकले. त्यावरून मार्गाच्या निवडीची एक संपूर्ण परिभाषाच बनली आहे. क्रमांकांनुसार केली ती ‘जुन्-उची’, उलट केली ती ‘ग्याकु-उची’, एका दमात केली ती ‘तोशी-उची’, तुकड्यातुकड्यांनी केली ती ‘कुगिरी-उची’. चार प्राचीन प्रांतांपैकी एकेक घेऊन करण्याचीही चाल आहे. पहिल्या आवा प्रांतात तेवीस मंदिरे येतात, आणि आठवड्याहून थोडी अधिक सवड असणारा पायी यात्रिक बहुधा तेवढ्यावरच थांबतो. सहासष्टावे मंदिर उनपेन्जी प्रत्यक्षात आवाच्याच हद्दीत असून गणना मात्र सानुकी प्रांतात होते. सीमा व क्रम यांचा मेळ तेथेही बसलेला नाही, हे पाहून मराठवाड्याच्या अभ्यासकास बरे वाटावे.

मराठीत अशी परिभाषा नाही, परंतु एक सूक्ष्म भेद आहे व तो कोशांत नोंदलेला दिसत नाही. एका क्षेत्राला मनुष्य ‘जातो’. क्षेत्रांची माळ असली म्हणजे ती ‘करतो’. माहूरला गेलो, परळीला गेलो. पण अष्टविनायक केले, बारा ज्योतिर्लिंगे केली. गणना पूर्ण झाली की गती जाऊन कृती येते. ‘वारी’ शब्दात पुनरावृत्तीचा अर्थ मुळातच आहे, म्हणून तीही ‘केली’ जाते. उलट प्रत्यक्ष चालण्याचे शब्द, मुक्काम, मजल, हे अरबी मुळाचे, फारसीच्या वाटेने आलेले. पुण्य मोजण्याची भाषा घरची आणि अंतर मोजण्याची भाषा लष्कराची, असे हे वाटप आहे.

उलट्या क्रमाविषयी दोन संस्कृतींत मोठाच विरोध आढळतो. भारतीय प्रदक्षिणेत उजवी बाजू सोडणे अशुभ; शिवाची सोमसूत्री प्रदक्षिणा अर्ध्यावरून परतते ती नियमानेच. शिकोकूत मात्र उलट यात्रेला अधिक पुण्य, विशेषतः लीप वर्षात. तेथील आख्यायिका अशी की, एमोन साबुरो नावाच्या धनिकाने भिक्षेस आलेल्या कूकाईंचा अपमान केला, पश्चात्तापाने तो त्यांच्या मागे वीस वेळा बेटाभोवती फिरला आणि भेट झाली नाही. एकविसाव्या वेळी उलट निघाला तेव्हा बाराव्या मंदिराजवळ, मरणाच्या दारी, त्याला दर्शन घडले. गेलेल्या गुरूला गाठण्यासाठी त्याच्या पाऊलखुणांवरून चालावे की त्याला सामोरे जावे? महानुभावांनी पहिला मार्ग पत्करला, एमोनने शेवटी दुसरा.

नांदेडचे आणखी एक यात्राजाल येथे दुर्लक्षून चालणार नाही. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान येथे १७०८ च्या ऑक्टोबरात झाले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ या वर्षांत सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. शिखांची स्थाने, नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, माल टेकडी, ही गुरूंच्या अल्प वास्तव्यातील प्रसंगांशी जोडलेली असून गावाच्या पंचक्रोशीत सामावतात. पुढे तोच यात्रेकरू नानक झिरा पाहण्यासाठी बिदरला जातो. म्हणजे महानुभाव साधूने जी रेघ ओलांडावयाची नाही, तीच ओलांडल्यावाचून पंजाबी यात्रेकरूचा प्रवास पुरा होत नाही. एकाच भूमीवर दोन नकाशे पसरलेले आहेत, आणि त्यांची एकमेकांस गाठ फारशी पडत नाही.

आगगाडीने हे सर्वच क्रम ढवळून काढले. गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडास पोहोचला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९११ मध्ये लातुरास गेली. लातूरच्या वारकऱ्याला कुर्डुवाडीवरून पंढरी गाठणे शक्य झाले, आणि पायवाटेवरच्या कित्येक मुक्कामांचे प्रयोजन संपले. जपानमध्येही आज परदेशी प्रवासी तोक्यो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका या ठरीव वाटेने जातो, ती बऱ्याच अंशी जुन्या तोकाइदो मार्गाचीच रेषा आहे. पूर्वी तीवर त्रेपन्न टप्पे होते, आता वेगवान गाडी त्यांतील बहुतेक टप्प्यांवर थांबत नाही. रेल्वेचा पास सात, चौदा वा एकवीस दिवसांचा मिळतो, म्हणून प्रवासही सात, चौदा वा एकवीस दिवसांचा आखला जातो. शिन्नेनच्या काळी जे बंदराने ठरविले ते आता तिकीट ठरविते.

स्थानपोथीतील ओट्यांपुढे मात्र वेगळीच अडचण उभी आहे. तिच्यातील दिशा देवळांच्या दारवठ्यांवरून व पटिशाळांवरून सांगितलेल्या आहेत. देऊळ पडले, गाव हलले, किंवा जीर्णोद्धारात दार दुसऱ्या बाजूस गेले, की वाक्य तसेच राहते आणि त्याचा आधार नाहीसा होतो. जुन्या इमारतींची अंगे, त्यांची बोलीतील नावे व पोथीतील नावे यांचे सर्वेक्षण गोदातीर व बालाघाट या दोन्ही मंडळांत गावोगाव जाऊन व्हावयास हवे. आणि तेही दारवठा कशाला म्हणतात हे सांगणारी वृद्ध माणसे तेथे भेटताहेत तोवरच.