ऊन पाण्याचा जमाखर्च

२० लिटरची एक बादली घेतली आणि तिच्यांतील पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें ठरविलें, तर त्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटांतून सुमारें ८६० किलोकॅलरी मिळतात; म्हणजे बादलीला अर्धें युनिटहि पुरें लागत नाहीं. ही उष्णता लाकडानें द्या, गॅसनें द्या, उन्हानें द्या, पाण्याला त्याचा भेद नाहीं. भेद कळतो तो खिशाला. आपल्या तांब्याच्या बंबांत विस्तवाची नळी मधोमध असते व पाणी तिच्या सभोंवार. म्हणून उघड्या चुलीवरील हंड्यापेक्षां त्याला सरपण कमी लागतें, हें आमच्या आज्यांना पुस्तकावांचून ठाऊक होतें.

परंतु शास्त्राचा हिशेब एक आणि बाजाराचा दुसरा. या दोहोंची झुंज अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत जितकी उघड पाहावयास मिळते तितकी क्वचितच कोठें मिळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें कोळसा दुरून आणावा लागे व कोळशापासून काढलेला गॅसहि महाग पडे. ऊन मात्र विपुल. लोक काळ्या रंगाच्या टाक्या उन्हांत ठेवीत. पण पाणी तापतां तापतां दिवस कलूं लागे आणि रात्र पडतांच तें निवून जाई. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनीं अशाच टाक्या कांचेचें झांकण असलेल्या पेटींत बसविल्या आणि १८९१ सालीं 'क्लायमॅक्स' या नांवानें पेटंट घेतलें. किंमत २५ डॉलर. कोळशांतील बचत वर्षाला सुमारें ९ डॉलर. तीन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच भांडवल वसूल! १८९७ पर्यंत पॅसडीना शहरांतील शेंकडा ३० घरीं सूर्याचें पाणी खेळूं लागलें होतें.

रात्रीची अडचण मात्र कायम होती. १९०९ सालीं विल्यम बेली यांनीं तापणाऱ्या नळ्या आणि सांठ्याची टाकी हीं वेगळीं केलीं. टाकीला ऊब राखणारें वेष्टन घालून ती नळ्यांहून उंच बसविली. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढे. पंप नको, माणूस नको, आणि पहांटे उठावें तों पाणी ऊनच. १९१३ च्या जानेवारींत कडाक्याच्या थंडीनें नळ्या फुटल्या, तेव्हां बेली यांनीं त्यांत अल्कोहोलमिश्रित पाणी निराळें फिरविण्याची योजना करून तेंहि संकट निवारिलें. यंत्र असें दिवसेंदिवस सुधारत चाललें होतें.

आणि नेमकें तेव्हांच तें बाजारांतून उठलें! १९२० नंतरच्या दशकांत लॉस अँजेलिसच्या परिसरांत भूगर्भांतील गॅसचे मोठे सांठे सांपडले व गॅसचा दर कोसळला. सूर्ययंत्र घेणारा मनुष्य पुढील कित्येक वर्षांचें जळण जणूं आजच, एकरकमी विकत घेत असतो. गॅसवाला तेंच महिन्याच्या महिन्याला, थोडें थोडें. महिन्याचा आंकडा लहान झाला, कीं एकरकमी सौदा कोण करणार? त्यांतून बिऱ्हाड भाड्याचें असेल तर बोलावयासच नको. खुद्द बेली गॅसचे बंब बनवूं लागले. त्यांस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. गिऱ्हाईक फिरलें होतें.

बेलींच्या यंत्राला दुसरा जन्म फ्लोरिडांत लाभला. तेथें असा गॅस नव्हता आणि वीज महाग होती. १९४१ च्या सुमारास मायामीचे निम्मे रहिवासी उन्हानें तापलेलें पाणी वापरीत. पुढें महायुद्धामुळें घरगुती कामासाठीं तांबें मिळेनासें झालें, आणि युद्ध संपल्यावर विजेचे दर उतरले. वीजकंपनीनें विजेच्या बंबांचा जोरानें प्रचार चालविला. तेथील छपरांवर पाण्याची टाकी खोट्या धुराड्यांत लपविण्याची रीत होती. ती गंजून गळूं लागली, कीं घरमालक दुरुस्तीचा खर्च विचारी, विजेच्या बंबाची किंमत विचारी, आणि बहुधा बंबच घेऊन येई.