पायाखालचा पास्कल

१/
घरासमोर उभी असलेली गाडी. इंजिन बंद. ब्रेकच्या पेडलवर चार-पाच वेळा पाय मारा आणि शेवटी दाबून धरा. पेडल थोडे खाली जाऊन ठामपणे थांबले, तर उत्तम. स्पंजासारखे दबले, तर बिघाड एका प्रकारचा. आधी थांबून मग पायाखालून हळूहळू तळाशी सरकले, तर दुसऱ्या प्रकारचा. या दोन्ही उत्तरांमागे दीर्घ इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
आरंभ पास्कलपासून. त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्यातले तत्त्व. १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व निर्दोष होते, यंत्र मात्र गळत होते. दट्ट्या सैल बसवला तर पाणी बाहेर येई, घट्ट बसवला तर दट्ट्याच हलेना. अखेर उपयोगी पडली ती कातड्याची वाटीच्या आकाराची कड. दाब वाढला की तीच फुलून भिंतीला अधिक घट्ट चिकटे. या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली याला दिले जाते. ही वाटी लक्षात ठेवा.

३/
सुरुवातीच्या मोटारींत यातले काहीच नव्हते. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळया आणि तारा जात, आणि ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असे. पुढच्या चाकांनाही ब्रेक हवा, असे ठरल्यावर खरी पंचाईत झाली. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणाच्या ठेवणे जवळजवळ अशक्य. एक ढिली पडली की गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढली जाई.

४/
उत्तर आले ते विमाने बांधणाऱ्या माणसाकडून. माल्कम लॉकहीड आणि त्याचा भाऊ अ‍ॅलन कॅलिफोर्नियात विमाने बनवीत. (विख्यात विमान कंपनीचे नाव याच घराण्याचे.) १९१९ मध्ये माल्कम विमानांतून बाहेर पडला आणि द्रवाच्या ब्रेकमागे लागला. नळीतल्या द्रवाला ढिला-ताठ हा भेदच नसतो, त्यामुळे चारही चाकांना सारखा दाब आपोआप मिळतो. १९२१ साली ल माँ येथील फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने ड्यूझेनबर्ग मोटारीत जिंकली. तिच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते.

५/
पण गळती होतीच! लॉकहीडच्या रचनेत वाट्या कच्च्या कातड्याच्या होत्या. वॉल्टर क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या काढून रबरी वाट्या बसवल्या आणि १९२४ च्या क्रायस्लर सिक्स या मोटारीत, सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत, हे ब्रेक आले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध ही रबरी वाटीच. शर्यतीचे नाव लोकांच्या लक्षात राहते, रबराचे राहत नाही. हेन्री फोर्डचा मात्र पोलादी सळईवरच विश्वास होता. त्याच्या मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक मिळायला १९३९ चे मॉडेल उजाडावे लागले.

६/
फोर्डचा हट्ट अगदीच वेडगळ नव्हता. तुटलेली तार डोळ्यांना दिसते. नळीतला बिघाड दिसत नाही. त्याचे अनुमान करावे लागते. नष्ट झालेल्या दप्तराविषयी उरलेल्या चार कागदांवरून तर्क करावा, तसे पेडल हे आपले उरलेले कागद.

७/
पहिला पुरावा : स्पंजासारखे पेडल. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तुमच्या पायाचे बळ त्याला चेपण्यात खर्च होते. भराभर पेडल मारल्यावर ते वर येऊन घट्ट होत असेल, तर हवा आहे किंवा ड्रम ब्रेकच्या शूंमध्ये फट फार वाढली आहे.

हवा काढण्याची पद्धत जुनी आणि दोन माणसांची. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बरणीतल्या ताज्या द्रवात बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडायचे, बुडबुडे येऊ द्यायचे आणि निपल बंद केल्यावरच “सोड” म्हणायचे. हा क्रम चुकला की जितकी हवा गेली तितकीच परत आत येते. वरचे भांडे मधेच रिकामे होऊ देऊ नये. बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. पण सर्व गाड्यांना हा नियम लागू नाही, पुस्तिका पाहावी. एबीएस असलेल्या काही गाड्यांत तर स्कॅनरशिवाय सगळी हवा निघतच नाही.

८/
दुसरा पुरावा : सरकत जाणारे पेडल. बाहेर कुठेही ओल नाही, भांड्यातील पातळी तीच, तरीही पेडल बुडते. मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी झिजली आहे आणि द्रव तिला वळसा घालून आतल्या आत मागे जातो आहे. ब्रामाची अडचण सव्वादोनशे वर्षांनी आपल्या पायाखाली! ही गाडी घरून चालवत गॅरेजला नेऊ नये, मेकॅनिकला घरी बोलवावे.

९/
आता एका शब्दाविषयी. आपल्याकडे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. एके काळी ते नाव खोटे नव्हते : सुरुवातीच्या ब्रेकमध्ये एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण घालत. (होय, लहानपणी नाक दाबून पाजले जाणारे तेच एरंडेल.) त्याने नैसर्गिक रबर फुगत नसे, खनिज तेलाने फुगते. आजचा नेहमीचा द्रव ग्लायकॉल ईथर वर्गातला आहे. तो तेल नव्हे. म्हणून नावावर भिस्त ठेवून कोणी भांड्यात इंजिन ऑइल ओतले, तर सगळ्या वाट्या फुगतात, मास्टर सिलिंडरमधले द्रव परतण्याचे बारीक छिद्र झाकले जाते, आणि ब्रेक लागतो तो सुटतच नाही. मग एकूण एक रबर बदलावे लागते.

१०/
ग्लायकॉलचाही एक स्वभावदोष आहे : तो हवेतले पाणी ओढतो. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावा, असे मानक आहे, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीने वरंधा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर चाकाजवळ द्रव उकळून वाफ होते आणि पेडल पोकळ होते. ही वाफ निवली की पुन्हा द्रव बनते, पेडल पूर्ववत होते, आणि गॅरेजमध्ये “काहीच बिघाड नाही” असे उत्तर मिळते. पुरावाच थंड झालेला असतो. अशा वेळी द्रव किती जुना आहे, हे आधी विचारावे.

११/
सर्वांत भयंकर प्रकरण मात्र गळतीचेच. अनेक दशके बहुतेक मोटारींत एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना एकच वाट असे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० मूळ रचनेत याच पिढीतली. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. उरे तो फक्त हँडब्रेक, कारण त्याला अजून तारच होती! फोर्डची शंका इथे खरी ठरत होती.

१२/
१९६० च्या दशकात ही वाट दुभंगली. १९६२ च्या मॉडेलांत कॅडिलॅकने आणि अमेरिकन मोटर्सने दुहेरी मास्टर सिलिंडर दिला; साबने पुढे एक पुढचे आणि त्याच्या तिरक्या बाजूचे मागचे चाक अशी जोडी लावली. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींसाठी दुहेरी व्यवस्था कायद्याने आवश्यक झाली. एक बाजू गळाली तरी दुसरी गाडी थांबवते. पेडल मात्र खूप खाली जाते आणि थांबायला अंतर अधिक लागते.

१३/
म्हणून ब्रेकचा लाल दिवा लागला, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना, ते पाहा. मग भांड्यातली पातळी. ती कमी असेल, तर लगेच द्रव ओतून दिवा विझवू नका. आधी पॅड पाहा : ते झिजले की पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, तर द्रव कुठेतरी बाहेर गेला आहे. चाकांची आतली बाजू, रबरी होज, मास्टर सिलिंडरची मागची बाजू यांवरून कोरडा कागद फिरवा. कागद कुठे ओला होतो, ते सापडेपर्यंत गाडी जागची हलवू नका. आणि हा द्रव रंग खातो, तेव्हा सांडला तर लगेच पाण्याने धुवा.

पुढच्या धाग्यात पुन्हा ल माँ : १९५३, जॅग्वार आणि डिस्क ब्रेक.