बीड, वाळू आणि नांगर : किर्लोस्करवाडीतील ओतकाम

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी ही देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना सुरू झाला. लोखंडी नांगर हे त्याचे प्रमुख उत्पादन होते.

नांगरासाठी पदार्थाची निवड हा कळीचा प्रश्न होता. लोखंड ठोकून घडवल्यास प्रत्येक नग थोडा वेगळा होतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड साच्यात ओतल्यास मात्र एकसारखे भाग मिळतात आणि झिजलेला भाग बदलता येतो. अडचण एवढीच, की बीड ठिसूळ असते. दगडाळ रानात फाळ तुटला तर शेतकऱ्याचा हंगाम धोक्यात येतो. त्यातच लोखंडाने जमीन नासते, असा समज रूढ होता. पहिले नांगर खपण्यास म्हणूनच वेळ लागला.

ओतकामात लाकडी नमुना चिकणमातीमिश्रित ओलसर वाळूत दाबून पोकळी तयार करतात. ओल जास्त झाली तर वाफेमुळे ओतीवात छिद्रे पडतात; कमी झाली तर साचा ढासळतो. थंड होताना बीड सुमारे १ टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढाच मोठा ठेवतात. सावकाश थंड झालेले बीड करडे व यंत्रावर कापण्याजोगे होते. साच्यात लोखंडी तुकडा बसवून ते झटपट थंड केल्यास पृष्ठभाग पांढरा व अतिकठीण बनतो. तो झिजत नाही, पण आघाताने तडकतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालणे, हीच फाळ घडवणाऱ्याची कसोटी.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) कच्च्या लोखंडाची टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांतून नांगर घडले.

पुढे याच कारखान्यात पंपांचे उत्पादन सुरू झाले. पंपाचे वळणदार कवच ओतताना आतील पोकळीसाठी वाळूचा स्वतंत्र गाभा बसवावा लागतो. तो किंचित सरकला तरी कवचाची जाडी बिघडते. आज धातूचा प्रवाह संगणकावर आधी तपासता येतो. मात्र ओतीव खरे उतरले की नाही, हे शेवटी शेतात आणि विहिरीवरच ठरते.