निप्रिसान : चार झाडांच्या औषधाची कुळकथा

नायजेरियातल्या योरुबा लोकांत ज्या घरी लेकरं पाठोपाठ दगावत, तिथे एकच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेऊन निघून जातं, असा समज होता. अशा मुलाला ‘अबिकू’ म्हणत. त्यांतली बरीच मुलं सिकलसेलची असावीत, असं आज अनेक अभ्यासक मानतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकतात.

वैदू त्यावर झाडपाला देतच होते. प्रयोगशाळेचं लक्ष तिकडे वळलं ते दातवणामुळे. ‘फगारा’ या झाडाच्या मुळ्या तिथे दात घासायला चघळतात. त्यांचा अर्क वाकलेल्या पेशींना पुन्हा गोल करतो, असं सोफोवोरा आणि आयझॅक्स यांनी १९७१ साली मांडलं.

निप्रिसानचं कूळ मात्र वेगळं. रेव्हरंड ओगुनयाले या पारंपरिक वैद्यांचा नुसखा अबुजाच्या सरकारी औषध-संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात रीतसर करार करून तपासायला घेतला. चार्ल्स वाम्बेबे त्या कामाचे प्रमुख. नुसख्यात काय होतं? पश्चिम आफ्रिकेतल्या मिरीचं बी, ज्वारीची पानं, लवंग आणि ‘ओसून’ या झाडाचं खोड. ओसून म्हणजे आपल्या रक्तचंदनाचा आणि बिबळ्याचा भाऊबंद. त्याच्या लाकडाचा लाल रंग काढतात. लवंग मूळची मोलुका बेटांची, म्हणजे या ‘गावठी’ औषधातही दर्यापारचा माल मिसळलेला.

८२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. तीव्र वेदनांचे झटके कमी झाले. रक्तक्षय मात्र हटला नाही. पुढे फिलाडेल्फियात परीक्षानळीतही अर्काने पेशींचं वाकणं रोखलं. २००२ साली झेकेम या अमेरिकी कंपनीने हक्क घेतले, २००६ मध्ये नायजेरियात ‘निकोसान’ नावाने परवाना मिळाला आणि २००८ मध्ये कंपनीचंच दिवाळं वाजलं. उत्पादन ठप्प झालं.

वैद्याने आपलं गुपित उघड केलं, शास्त्रज्ञांनी ते पारखून घेतलं. घोडं अडलं ते भांडवलापाशी. आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हाच आजार आहे, लवंग-ज्वारीही घरोघरी आहे. पण तेवढ्यावरून कुणी घरी काढा उकळू नये. प्रमाण ठरवून केलेला अर्क वेगळा, आणि डॉक्टरांनी या आजारावर दिलेलं हायड्रॉक्सियुरिया हे औषध तर मुळीच बंद करायचं नाही. जंगलातल्या वैदूंकडून नुसखे गोळा करणाऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारावं : चाचणी जमली, तर पुढची वीस वर्षं हे औषध बनवणार कोण?